भट्टी निवल्यावरचं इंग्रजी

दुपारची जेवणं झाली की माझ्या भावाच्या दुकानातली भट्टी निवायला लागते. दुकान दक्षिणेत, समुद्राकाठच्या एका शहरात. मी कराडात, नदीच्या संगमापर्यंत चालत जाता येईल अशा भाड्याच्या दोन खोल्यांत. मधे किती डोंगर, किती नद्या आणि किती भाषा आहेत ते मला नीट सांगता यायचं नाही. पण गेल्या हिवाळ्यात ती भट्टी निवली की मला इथं कळायचं. फोन वाजायचा आणि वहिनी दबक्या आवाजात म्हणायची, "वन्सं, बसली बघा मी."

मग आमचा इंग्रजीचा तास सुरू व्हायचा.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं, सांगली जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला. पाऊस कमी, जमीन भरड. म्हणून आमच्याकडची कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली. गलाई म्हणतात या धंद्याला. जुने मोडके दागिने घ्यायचे, मुशीत घालून वितळवायचे, तेजाबात शुद्ध करून द्यायचे. माणूस तिकडं जातो, लग्न झालं की बायकोला नेतो, तिथंच पोर होतं. आणि पोर शाळेच्या वयाचं झालं की त्याला गावाकडं आणून सोडतात. याला कुणी रिवाज म्हणत नाही. "पोरगं गावाकडं असतंय," एवढंच म्हणतात, जणू ते आपल्या पायांनी चालत आलं.

मी तसंच सोडलेलं पोर. माझा दादाही. आम्हाला चुलतीनं वाढवलं आणि तिनं काही कमी केलं नाही, हे आधीच सांगून टाकते. दादा दहावीनंतर वडिलांच्या हाताखाली दुकानात गेला. मी कॉलेजात गेले, इंग्रजी घेऊन पदवी काढली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी, आणि याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही. आज कराडात मी बारावीच्या आणि नोकरीच्या परीक्षांच्या पोरांना इंग्रजी शिकवते. माझ्या क्लासला उंब्रजपासूनची पोरं एसटीनं येतात. वडील, आमचे आप्पा, गेल्यापासून आई माझ्याकडं असते. तिचे गुडघे धरलेत, इथं दवाखाने जवळ पडतात.

तर गेल्या दिवाळीनंतर दादाचा फोन आला. भाचीला आता पहिलीत घालायचं होतं. घराजवळ एकच शाळा त्याच्या मनात भरली होती, इंग्रजी माध्यमाची. पण त्या शाळेची अट होती की प्रवेशाआधी आई-वडील दोघांनी येऊन इंग्रजीत बोलायचं. घरी मुलीचा अभ्यास कोण घेणार हे शाळेला बघायचं होतं. दादाचं इंग्रजी गिऱ्हाइकापुरतं का होईना, होतं. वहिनीचं शिक्षण आमच्याच गावच्या शाळेत सातवीपर्यंत. दुकान आहे त्या शहराची भाषा तिला भाजी घेण्याइतकी येते, इंग्रजी तेवढंही नाही. दादा म्हणाला, बघू, नाहीच जमलं तर आणून सोडतो तुझ्याकडं. आत्या शिकल्याली हाय, आजी हाय, पोरीचं कल्याणच हुईल.

आईनं हे पलीकडून ऐकलं. त्याच संध्याकाळी तिनं माझ्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला. माझ्या साड्या वर कोंबल्या आणि बाजारातून एक बारकी ताटली आणि फुलपात्र आणायला लावलं. तिचा चेहरा इतका उजळला होता की मी ती लगेच आणून दिली.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. दादाला न सांगता केलेला. पोरीला पाठवायचं नाही म्हणाली. पाठवायची नाही म्हणजे नाही, पण तसं कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर सगळे म्हणणार, सगळ्यांचीच पोरं गावाकडं असतात, तुझीच काय सोन्याची? मग म्हणाली, "वन्सं, मला शिकवा. ईल का वं मला?"

मी म्हटलं, येईल. शिकवणाऱ्यानं यापेक्षा वेगळं उत्तर द्यायचं नसतं.

तो हिवाळा मला आता आठवतो तो सगळा पेंगुळलेला. साखर कारखाने चालू होते. दुपारच्या वाऱ्यावर मळीचा गोडसर, आंबूस वास यायचा. खाली रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या संथ जात, एवढ्या संथ की त्या जागच्या जागी आहेत आणि आमचीच इमारत मागं सरकतेय असं वाटावं. आई दाराशी बसून शेंगा फोडायची. मी पलंगावर, भिंतीला पाठ लावून. आणि फोनमधून दुसरीच एक दुपार यायची. तिकडचे कावळे, लांबून समुद्राची घरघर, कुणाच्या तरी घरातली न कळणारी भाषा, आणि वहिनीच्या केरसुणीचा आवाज. ती आधी दुकान झाडायची, मग बसायची.

ते झाडणं मला लहानपणापासून माहीत. मे महिन्यात आम्हाला तिकडं नेत, तेव्हा मी माळ्यावर झोपायचे. सकाळी अर्धवट झोपेत खाली बघावं तर आई वाकून फरशी झाडतेय, आणि कवडशात धूळ उडतेय, आणि ती धूळ मला खरोखर सोनेरी दिसायची. गलाईच्या दुकानातला केर बाहेर टाकत नाहीत. त्यात सोन्याचा कण असतो. केर डब्यात भरतात, हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवतात, वर्षाकाठी ते सगळं धुऊन, जाळून, गाळून काढतात. दुकानातून बाहेर पडताना पायसुद्धा आत झटकायचे. मला वाटायचं, सगळ्या जगात असंच असतं.

पहिले काही दिवस आम्ही फक्त जागा बदलत होतो. शब्दांच्या. वहिनी शब्द चटकन उचलायची, पण मांडायची आपल्यासारखे. "आय माय डॉटर स्कूल टू सेंड." मी सांगायचे, क्रियापद पुढं आणा. ती म्हणायची, पुढं म्हणजे कुठं? शेवटी मी सांगितलं, हे बघा वहिनी, आपल्याकडं माणूस घरी येतो तेव्हा आधी पाणी पितो, मग चहा, मग गुरंढोरं, पाऊसपाणी, पाव्हणेरावळे, आणि उठता उठता उंबऱ्यात म्हणतो, की आवं, जरा काम होतं. इंग्रजीत तसं चालत नाही. त्या माणसानं दारातच काम सांगायचं. मी आलो, मागतो, कोयता. उसापुरता. आजच्या दिवस.

वहिनी म्हणाली, "लय आगाव भाषा हाय."

पण त्यानंतर तिची वाक्यं हळूहळू उभी राहायला लागली.

खरी अडचण त्या बारक्या शब्दांची. ते आपल्याकडं शब्दाच्या शेपटीला चिकटून येतात, घरात, घरावर, घरापाशी. इंग्रजीत पुढं येऊन उभे राहतात, आणि प्रत्येक क्रियापदाचा आपला एक ठरलेला. कुणाचं ऐकायचं तर 'टू' लागतो, कुणाची वाट बघायची तर 'फॉर' लागतो, कुणाला हसायचं तर 'अॅट'. असं का, याला उत्तर नाही. मी कॉलेजात असताना हे विचारलं होतं आणि सर म्हणाले होते, पाठ कर.

वहिनीनं मात्र लगेच आपलं उत्तर काढलं. "म्हंजे पत्येकाची बायकू ठरल्याली हाय म्हना की."

"तसंच."

"आन् एकांद्याच्या दोन-तीन?"

"असतात. त्या 'लुक'च्या लय आहेत. एक नुसती बघणारी, एक शोधणारी, एक सांभाळणारी."

"सांभाळनारी कंची?"

"आफ्टर."

"तेवडी द्या मला," वहिनी म्हणाली. "बाकीच्या ठिवा तुमच्यापाशी."

दाराशी आई हसली. मग हसल्याचं लक्षात येऊन तोंड फिरवून शेंगा फोडायला लागली. तिला हे तास पसंत नव्हते. एकदा फोन ठेवल्यावर म्हणाली होती, कशाला त्या पोरीला येड्यागत बडबडाय लावतीस, नात येतीया तर येऊ दे की हितं. भाची आली असती तर मलाही हवीच होती. तासाला ती वहिनीच्या मांडीवर असायची. मधेच फोनमध्ये तोंड घालून "आत्या, गुड आफ्टरनून" म्हणायची आणि पळायची. तो आवाज रोज या खोलीत असता तर काय झालं असतं, हे मनात येत नव्हतं असं नाही.

संध्याकाळी क्लासला जाण्याआधी मी कधी कधी संगमावर जाऊन बसायचे. एका बाजूनं कृष्णा येते, समोरून कोयना येते, दोघी तोंडासमोर भेटतात आणि मग एकाएकी वळून पूर्वेला चालायला लागतात. थंडीत पाण्यावर धुकं असायचं. डोळे मिटले की दुपारची वाक्यं त्या धुक्यातून चालत यायची, शब्द आपापल्या जागा सोडून पाण्यात उतरलेले, 'फॉर' कुणाचा आणि 'टू' कुणाचा काही कळू नये असे. एकदा मी तिथं बसल्या बसल्या डुलकी घेतली, आणि स्वप्नात मी विट्याच्या स्टँडवर उभी होते, लहान. समोर एसटी. तिच्या पाटीवर गावाच्या नावाऐवजी एक अख्खं इंग्रजी वाक्य. ते मला वाचता येत होतं, पण गाडी कुठं जाणार ते कळत नव्हतं. जागी झाले तेव्हा घाटावर दिवे लागले होते.

मुलाखतीला आठवडा राहिला आणि वहिनी खचली. ठरवलेली वाक्यं होती ती तोंडात बसली होती. मी माझ्या मुलीला सांभाळते. मी रोज तिच्याबरोबर बसते. ती माझं ऐकते. पण एव्हाना दादालाही आमचे तास कळले होते, त्यानं सराव म्हणून मधेच वेगळा प्रश्न विचारला आणि तिचं सगळं विसकटलं. त्या दुपारी ती म्हणाली की बास झालं. माझ्यानं व्हायचं नाही. पाठवते पोरीला तुमच्याकडं. तुम्ही काय परक्या आहात?

मला खरं तर व्याकरण सांगायचं होतं. तोंडातून वेगळंच आलं.

मी म्हटलं, वहिनी, पाठवा, मी ठेवून घेईन आणि चांगली ठेवीन. पण एक ऐका. मी लहान असताना आई गावाला यायची ना, जत्रेला, नाहीतर दिवाळीला, तेव्हा पहिले दोन दिवस मी तिला 'आवं' म्हणायचे. आवं, पाणी देऊ का. आवं, तुमी बसा. पाव्हण्या बाईला बोलतात तसं. मला कुणी शिकवलं नव्हतं, तोंडात तेच यायचं. मग हळूहळू 'अगं' वर यायचे. आणि 'अगं' वर आले की तिची निघायची वेळ झालेली असायची.

इकडं शेंगा फुटायच्या थांबल्या होत्या. मी दाराकडं बघितलं नाही.

वहिनी म्हणाली, "परत सुरवातीपासनं घ्या."

मुलाखतीच्या दिवशी मी क्लासला सुट्टी दिली. कारण पोरांना सांगितलं नाही. दुपार सरली तरी फोन नाही. आईनं दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा माझ्याकडं न बघता दिला. फोन आला तो दिवेलागणीला, आणि आधी दादाच बोलला. म्हणाला, तुझ्या शिष्येनं काय केलं ते तिच्याच तोंडून ऐक.

झालं होतं असं. शाळेच्या मोठ्या बाईंनी आधी दादाशी बोलून घेतलं. मग भाचीला कागद-पेन्सिल देऊन घर काढायला सांगितलं. पेन्सिलीचं टोक मोडलं. बाईंनी शार्पनर पुढं केला. भाचीनं पेन्सिल तासली आणि टेबलावर भुगा पडला, लाकडाचे पापुद्रे आणि काळी पूड. त्याच वेळी बाई वहिनीकडं वळून काहीतरी विचारणार होत्या. पण वहिनीचा हात आधीच निघाला होता. तळहाताच्या कडेनं तिनं सगळा भुगा एका जागी ओढला, काचेखालच्या फटीतला बोटानं काढला, पर्समधल्या बसच्या तिकिटावर घेतला, घडी घालून पुडी केली आणि मुठीत धरून बसली. दादानं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिला कळेना का दिला.

बाईंनी विचारलं, हे कशासाठी?

तेवढं तिला समजलं. पण तोंडपाठ केलेली सगळी वाक्यं, जत्रेत हात सुटलेल्या पोरांसारखी, कुठं गेली कुणास ठाऊक. म्हणून तिनं जी सापडली ती सांगितली. ती तिनं मला फोनवर जशीच्या तशी म्हणून दाखवली. "मॅडम, अवर शॉप गोल्ड मेल्टिंग. डस्ट इन गोल्ड देअर. आय डेली स्वीप. डस्ट नो थ्रो. वन इयर कीप, देन वॉश, देन फायर, लिटल गोल्ड कमिंग."

बाईंनी चष्मा काढून ठेवला म्हणे. आणि विचारलं, मग याच्यात पण सोनं आहे का?

"नो मॅडम. ओन्ली हॅबिट."

बाई हसल्या. त्यांनी भट्टीचं विचारलं, धूर कुठं जातो विचारलं, घरात आणखी कोण असतं विचारलं. वहिनी बोलत राहिली. मधे एकदा दादानं तिच्या वतीनं बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी त्याला हातानंच थांबवलं. मग तो प्रश्न आला, ज्याच्यासाठी आम्ही अख्खा हिवाळा घालवला होता. मुलीचा अभ्यास कोण घेणार? 'लुक आफ्टर' तिथं यायचं होतं. ते आलं नाही. वहिनी म्हणाली, "आय, मॅडम. आफ्टरनून फायर ऑफ. माय सिस्टर-इन-लॉ फोन ऑन इंग्लिश टीचिंग. आय लर्न, डॉटर लर्न. टुगेदर."

ही नणंद कुठं असते, असं बाईंनी विचारलं.

"कराड इन," वहिनी म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. शिकवणारी म्हणून सांगते, एकही वाक्य जागेवर नव्हतं, आणि चूक ती चूकच. पुढं मी ती सगळी तिच्याकडून दुरुस्त करून घेतली, एकेक. पण त्या संध्याकाळी मी फक्त विचारलं की बाई शेवटी काय म्हणाल्या. वहिनी म्हणाली, कळवते म्हणाल्या. आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाली की वन्सं, काय झालं तरी तुमचं उपकार. मला राग आला. मी म्हटलं, अजून काही झालेलं नाही, रडू नका.

कळवायला त्यांनी चांगले तीन-चार दिवस घेतले. त्या दिवसांत दुपारी फोन आला नाही. भट्टी निवत असेल, वहिनी झाडत असेल, आणि मी भिंतीला पाठ लावून फोनकडं बघत बसायचे. आई रिकामा कप्पा पुसायची. आधीच पुसलेला असला तरी पुसायची. आम्ही दोघी एकाच गोष्टीची वाट बघत होतो, आणि दोघींना उलटं उत्तर हवं होतं, असं मला वाटत होतं.

मग एका दुपारी दादाचा आवाजी निरोप आला. प्रवेश मिळाला. गणवेशाचं कापड शाळेतूनच घ्यायचं. मागं भाचीचा आरडाओरडा आणि वहिनीचं, आगं हळू, हळू.

मी आईला सांगितलं. पोरगी तिकडंच राहणार म्हणून. सांगताना मी तिच्या तोंडाकडं बघायचं टाळत होते. तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. टरफलं पदराला चिकटली होती ती एकेक काढली. मला वाटलं, आता उठून आत जाईल.

ती म्हणाली, "ब्येस झालं."

मी फोन खाली ठेवला.

"तुला गावाला ठिवायची का, आसं मला कुनी इचारलंच न्हाई. तुज्या आप्पानं न्हाई, कुनीच न्हाई. जायाचा दिस आला, पेटी बांदली, झालं." ती बाहेर रस्त्याकडं बघत होती. "इचारलं आसतं तर मी काय म्हनलं आसतं, ते बी मला ठावं न्हाई. माज्या सुनंला म्हायती व्हतं. मला कुठलं म्हायती."

खालून ट्रॉली गेली. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या. खोलीत ऊन आडवं पडलं होतं, त्यात शेंगांच्या टरफलांची तांबूस पूड तरंगत होती. माझी क्लासची वेळ होत आली होती. मी पलंगावरून उतरले आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले.

"कलास हाय न्हवं तुजा?" आई म्हणाली.

"हाय. पोरं थांबतील."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग ती बोलायला लागली. मला गावी सोडून परत निघाली त्या दिवसाचं. स्टँडपर्यंत कुणाच्या बैलगाडीतनं गेली, वाटेत कोण भेटलं, गाडीत कुठल्या बाजूच्या खिडकीशी बसली, आणि कराडाला रेल्वेत चढेपर्यंत आप्पांशी एक शब्द कशी बोलली नाही. हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. ती आपल्या रीतीनं सांगत होती, पाऊसपाण्यापासून, पाव्हण्यारावळ्यांवरून, लांबून. कामाची गोष्ट कधी येते याची मला अजिबात घाई नव्हती.